पाणबुडी किनाऱ्यापर्यंत, पुढे माणूस

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

पाणबुडी म्हटलं की आपल्यासमोर टॉर्पेडो येतो, बुडणारं जहाज येतं, अलीकडे क्षेपणास्त्रही येतं. आज मी ज्या पाणबुड्यांबद्दल बोलणार आहे, त्यांच्यातल्या मुख्य पाणबुडीचे टॉर्पेडो युद्ध संपल्यावर काढूनच टाकले होते. त्या जागी बंक बसवले. माणसं झोपण्यासाठी. शत्रूच्या किनाऱ्यावर रात्री गुपचूप उतरायचं, बघायचं, मोजायचं आणि उजाडायच्या आत परत यायचं, असं काम करणारी ही माणसं. त्यांचं शिक्षण या जुन्या पाणबुड्यांवर कसं झालं, आणि त्या शिक्षणातला अवघड भाग नेमका कोणता होता, हे आज बघू.

आपल्याकडे वर्तमानपत्रांत ‘रेकी’ हा शब्द रुळलाय. घरफोडी करणाऱ्यांनी आधी रेकी केली होती, वगैरे. जुना शब्द टेहळणी. सैन्याला ही टेहळणी समुद्रकिनाऱ्यावर का लागते, हे आधी समजून घ्यायला हवं. त्यासाठी युद्धोत्तर काळाच्या थोडं मागे, 1943 च्या नोव्हेंबरमध्ये, प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर जाऊ.

तारावावर जपानी सैन्य होतं आणि अमेरिकन मरीन तिथे उतरणार होते. नॉटिलस नावाची पाणबुडी त्याआधी तिथे जाऊन आली होती. पेरिस्कोपमधून तिने किनाऱ्याचे फोटो काढले, एकाला एक जोडून. फोटो उपयोगी होते. पण फोटोत पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, पाण्याची खोली दिसत नाही. तारावाच्या किनाऱ्यापुढे पाच-सहाशे मीटरवर प्रवाळाचा बांध आहे. त्यावरून सैनिकांच्या होड्या जायला साडेतीन-चार फूट पाणी हवं. ते असेल की नसेल?

इथे कोकणातलं कुणी असेल तर त्यांना पुढचं लगेच कळेल. उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची. भांगाला पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. तारावाची लढाई सुरू झाली 20 नोव्हेंबरला, तेव्हा चंद्र अष्टमीच्या आसपास होता, म्हणजे भांग. त्यात तो पृथ्वीपासून लांबही होता, त्यामुळे भरती आणखी बेताची. त्या बेटांवर आधी राहिलेले मेजर फ्रँक हॉलंड यांनी धोक्याचा इशारा दिला होता की तीन फूटसुद्धा पाणी मिळणार नाही. तरीही मोहीम झाली. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं बांध ओलांडून गेली. साध्या होड्या अडकल्या. मरीन छातीभर पाण्यात उतरून, समोरून मशीनगनचा मारा चालू असताना, पाचशे मीटर चालत गेले. शहात्तर तासांत सुमारे हजार अमेरिकन मेले. हे सगळे काही पाण्याच्या खोलीमुळे मेले नाहीत, तटबंदीही जबर होती. पण पाणी किती आहे हे आधी कुणीतरी तिथे उभं राहून बघायला हवं होतं, ही गोष्ट त्यानंतर सगळ्यांना पटली.

ब्रिटिशांना ही अक्कल थोडी आधी आली होती. 1941 च्या मार्चमध्ये विलमॉट नावाचा नौदलातला नेव्हिगेटर आणि रॉजर कोर्टनी हे दोघे ट्रायम्फ पाणबुडीतून ऱ्होड्स बेटाजवळ गेले, तिथून घडीच्या होडीतून आणि मग पोहत किनाऱ्यावर. विलमॉट व्यवसायाने नकाशे वाचणारा माणूस. त्याला साधी गोष्ट खटकत होती, की नकाशा जहाजांसाठी काढलेला असतो. जहाज जिथे जाणारच नाही त्या शेवटच्या दोनशे मीटरबद्दल नकाशात जवळपास काहीच नसतं. आणि सैनिक तर तिथेच मरतात.

आता हे शेवटचे मीटर मोजायचे कसे? पोहणारे लोक एका ओळीत, ठराविक अंतर राखून किनाऱ्याकडे जातात. प्रत्येकाकडे शिसं बांधलेली दोरी आणि पाण्यात लिहिता येईल अशी पाटी. आपल्याकडच्या नावाड्यांच्या ओळंब्यासारखंच. थोड्या थोड्या अंतरावर दोरी सोडायची, खोली पाटीवर लिहायची. तळ वाळूचा आहे, चिखलाचा की खडकाचा, ते बघायचं. लाटा किती उंच, दोन लाटांमध्ये किती सेकंद, लाट सावकाश ओघळत फुटते की एकदम कोसळते, किनाऱ्याला समांतर ओढ किती आहे, हेसुद्धा. अमेरिकन नौदलात वाटणी ठरली: साडेतीन फॅदम, म्हणजे एकवीस फूट खोलीपासून भरतीच्या रेषेपर्यंतचं काम नौदलाच्या पाणबुड्यांचं (इथे मी पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांबद्दल बोलतोय, बोटीबद्दल नाही, मराठीत हा घोटाळा होतो खरा), आणि त्याच्या वर, वाळूपासून आत जमिनीवरचं काम मरीनचं.

हे सगळं शिकता येतं. तलावात शिकता येतं, मित्रदेशाच्या किनाऱ्यावर शिकता येतं. पण एक गोष्ट त्याहून फार अवघड निघाली. परत येणं.

तीन उदाहरणं देतो. 1942 चा ऑगस्ट, माकिन बेट. नॉटिलस आणि आर्गोनॉट या दोन मोठ्या पाणबुड्यांतून दोनशेहून अधिक रेडर मरीन गेले. जाताना त्यांचं बरं चाललं. रात्री परत निघाले तेव्हा लाटांनी रबरी होड्या उलट्यापालट्या केल्या, होड्यांची इंजिनं भिजून बंद पडली. पहिल्या रात्री निम्म्याहून कमी होड्या पाणबुड्यांपर्यंत पोचल्या. उरलेल्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कसंबसं काढलं. मोजणीच्या गोंधळात नऊ जण बेटावर राहिले. त्यांना जपान्यांनी पकडलं आणि क्वाजालीनला नेऊन मारलं.

दुसरं, सिसिली, 1943 ची सुरुवात. विलमॉटच्या तुकडीतले लोक पाणबुड्यांतून किनारे मोजायला गेले आणि त्यातले बरेच परतले नाहीत. थंड पाणी, काळोख, आणि काळोखात पाणबुडी सापडणं.

तिसरं माझ्या मते सगळ्यात बोलकं. 18 ऑगस्ट 1944 ची रात्र. बरफिश ही अमेरिकन पाणबुडी याप बेटसमूहातल्या गागील तोमील जवळ उभी होती. पाच जण रबरी होडीतून गेले. तिघे परत आले नाहीत. पाणबुडी थांबली, शोधलं, पुढे जाण्यावाचून इलाज उरला नाही. आता तिच्या कप्तानाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. किनाऱ्यावर तीन माणसं. तुमच्या पायाखाली सत्तर-ऐंशी. उजाडत चाललंय, उथळ पाणी आहे, बुडी मारायलाही जागा नाही. किती थांबायचं? हा निर्णय त्या रात्री घेता येत नाही. तो आधी घ्यावा लागतो, सगळ्यांनी मिळून, आणि सगळ्यांना तो पाठ असावा लागतो. युद्धानंतरच्या शिक्षणाचा गाभा मला विचाराल तर हा आहे.

आता युद्ध संपलं. 1945 साली अमेरिकेकडे पाणबुड्या नको तितक्या झाल्या होत्या. त्याच वेळी जर्मनांच्या टाइप 21 पाणबुड्या हाती लागल्या, आणि कळलं की पाण्याखाली वेगाने पळणाऱ्या या बोटींपुढे आपल्या बोटी एका रात्रीत जुन्या झाल्या. काही पाणबुड्यांना नवा आकार आणि मोठ्या बॅटऱ्या देऊन सुधारलं गेलं. त्या कार्यक्रमाच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून ‘गप्पी’ हे नाव निघालं. होय, डासांच्या अळ्या खायला आपण टाकीत सोडतो तोच मासा. बाकीच्यांवर प्रयोग सुरू झाले. ग्वाविना तेलवाहू झाली, बार्बेरो मालवाहू झाली, कस्कवरून 1947 मध्ये क्षेपणास्त्र सोडून बघितलं. बऱ्याच कल्पना पुढे गेल्या नाहीत. ज्या टिकल्या, त्यांतली एक म्हणजे सैनिकवाहू पाणबुडी.

दोन बोटी निवडल्या: पर्च आणि सीलायन. दोन्ही बालाओ वर्गातल्या, सुमारे 95 मीटर लांब. सीलायनचा इतिहास मोठा आहे. नोव्हेंबर 1944 मध्ये तिने कोंगो ही जपानी युद्धनौका बुडवली होती. दोस्तांच्या दुसऱ्या कुठल्याही पाणबुडीला त्या युद्धात युद्धनौका बुडवता आली नाही. आणि चार वर्षांत, 1948 मध्ये, त्याच सीलायनच्या टॉर्पेडोच्या नळ्या काढल्या. पुढची इंजिनं काढली. पुढची-मागची टॉर्पेडोची दालनं आणि इंजिनाची खोली मिळून 123 सैनिकांची झोपायची सोय केली. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत गरज पडल्यास शस्त्रक्रिया करता येईल अशी व्यवस्था केली. हा तपशील मला फार बोलका वाटतो. जे परत येतील ते सगळे धडधाकट येणार नाहीत, हे बांधतानाच गृहीत धरलं होतं.

कोनिंग टॉवरच्या मागे डेकवर एक भलंमोठं बंद नळकांडं बसवलं. पाणी आत न शिरणारं. त्यात होड्या, इंजिनं, सामान. सीलायनच्या नळकांड्यात तर एक उभयचर वाहन मावायचं. पर्चवरही असंच नळकांडं होतं आणि त्यामुळे खलाशी तिला ‘पोटुशी पर्च’ म्हणायचे. खलाशांची विनोदबुद्धी सगळीकडे सारखीच.

या बदलांची किंमतही होती. चारपैकी दोन इंजिनं गेली, म्हणजे वेग गेला. पाठीवरच्या नळकांड्याने पाण्याखाली ओढ वाढली. आणि आत नेहमीच्या खलाशांखेरीज आणखी शंभर माणसं. या डिझेल-बॅटरीच्या बोटी, अणुशक्तीच्या नव्हेत. बुडी मारली की आत जेवढी हवा आहे तेवढीच. म्हणून सैनिकांना शिकवलेली पहिली गोष्ट कुठली असेल? बंकवर पडून राहणं. हलायचं नाही, ऑक्सिजन कमी वापरायचा. दांडगट, धावायला शिकवलेल्या पोरांना दिवसभर गप्प झोपवून ठेवायचं. हे शिक्षण वाटतं तेवढं सोपं नाही.

सीलायन अटलांटिकच्या बाजूला गेली आणि वर्षानुवर्षं मरीन, नौदलाचे पोहणारे, कधी भूदलाच्या तुकड्या यांच्याबरोबर सराव करत राहिली. पर्च प्रशांतच्या बाजूला. या सरावांत काय व्हायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण विषयाचा खरा ऐवज तिथे आहे.

बाहेर पडण्याचे दोन मुख्य प्रकार. एक कोरडा म्हणा. पाणबुडी रात्री वर येते. झाकणं उघडतात. होड्या डेकवर फुगवतात, माणसं आपापल्या होडीत बसतात. मग पाणबुडी हळूच खाली जाते आणि होड्या तरंगत राहतात. ऐकायला सोपं. पण डेक पाण्याने ओला, काळोख, पायाखालून बोट सरकतेय, आणि दिवा लावायचा नाही. प्रत्येकाची जागा, प्रत्येक गाठ, प्रत्येक वल्हं हाताला माहीत पाहिजे. पाणबुडी वर असताना ती सगळ्यात दुबळी असते, म्हणून घड्याळ लावून तालीम. तीच गोष्ट पुन्हा, त्याहून कमी वेळात.

दुसरा प्रकार ओला. पाणबुडी पेरिस्कोपच्या खोलीवर, वर येतच नाही. सैनिक एका छोट्या कोठीत शिरतात, दोन-चार जण जेमतेम मावतील अशी. खालचं झाकण बंद. पाणी आत सोडतात, हवा दाबतात, आतला दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की बाजूचं दार उघडतं. बाहेर पडायचं आणि वर जायचं. इथे शाळेतला बॉइलचा नियम आठवा. दहा मीटर खाली दाब दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास धरून ठेवलात तर फुप्फुस फाटतं. म्हणजे पाण्याखाली असताना, जीव गुदमरेल असं वाटत असताना, तोंडातून सतत हवा सोडत वर यायचं. सगळं शरीर उलट सांगत असतं. म्हणून आधी न्यू लंडन आणि पर्ल हार्बरच्या शंभर फुटी टाक्यांमध्ये सराव. पाणबुडीतून सुटकेसाठी बांधलेल्या त्या टाक्या, त्या टेहळणीच्या लोकांनाही कामी आल्या.

कॅलिफोर्नियात कॅम्प पेंडलटनला 1954 मध्ये मरीन कोअरने एक प्रायोगिक तुकडी उभी केली. तिच्यातले ब्रूस मेयर्स हे या शिक्षणामागचं एक मुख्य डोकं. त्यांनी दोन रस्ते एकत्र आणले: वरून पॅराशूटने आणि खालून पाणबुडीने. 1957 च्या जूनमध्ये त्यातूनच पहिली फोर्स रिकॉनेसन्स कंपनी तयार झाली. या लोकांची पाण्याखालची शाळा म्हणजे पर्च.

आणि आता परतीचं. समजा तुम्ही किनारा मोजून परत निघालात. रबरी होडीत पाच जण. समुद्रात दोन-तीन किलोमीटरवर कुठेतरी एक पाणबुडी आहे, तिचा फक्त पेरिस्कोप पाण्याबाहेर, तोही मनगटाएवढा. काळोखात तुम्ही ती शोधणार? नाही. म्हणून उलटं करायचं. तुम्ही ठरलेल्या जागी जायचं आणि पाणबुडीने तुम्हाला शोधायचं. दोन होड्यांमध्ये लांब दोरी बांधायची. दोन होड्या पसरून थांबतात, मध्ये दोरी ताणलेली. पाणबुडी पेरिस्कोप वर काढून सावकाश त्या दोघींच्या मधून जाते. दोरी पेरिस्कोपला अडकते, आणि दोन्ही होड्या मागे खेचल्या जातात. किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात नेऊन मग पाणबुडी वर येते. युक्ती साधी, जवळपास कोळ्यांच्या जाळ्यासारखी. फक्त इथे जाळंही आपलं आणि मासाही आपला.

ब्रिटिशांनी त्यांच्या बाजूने आणखी एक पाऊल टाकलं. 1960 च्या दशकात, इंडोनेशियाशी तणाव चालू असताना, सिंगापूरला त्यांच्या स्पेशल बोट सेक्शनच्या तुकड्या होत्या. पॅडी अॅशडाउन, जे पुढे ब्रिटनमध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले, ते तिथल्या अधिकाऱ्यांपैकी एक. त्यांचा सराव असा, की पाणबुडीने वर यायचंच नाही. बाहेर पडणंही पाण्याखालून आणि आत शिरणंही पाण्याखालून. पाण्याखाली आवाज करणारं साधं उपकरण वापरायचं. तो आवाज पाणबुडीच्या सोनारवाल्याने ऐकायचा आणि त्या दिशेने बोट न्यायची. डोळ्यांपेक्षा कान बरे, कारण पाण्यात आवाज लांब जातो आणि किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्याला तो ऐकू येत नाही.

या सगळ्याची पहिली खरी परीक्षा मात्र कोरियात झाली, आणि तीही मेयर्सच्या तुकडीच्या आधीच. जून 1950 मध्ये युद्ध सुरू झालं. कोरियाचे दोन किनारे एकमेकांपेक्षा अगदी वेगळे आहेत. पश्चिमेला उथळ समुद्र, चिखलाचे पसरट किनारे, नऊ-दहा मीटर चढ-उताराची भरती. तिथे पाणबुडीचं काम नाही. म्हणून इंचॉनच्या चढाईआधी युजीन क्लार्क नावाचा नौदल अधिकारी जवळच्या एका बेटावर दोन आठवडे राहिला आणि माणसं पाठवून चिखलाची, तटाची माहिती घेतली. पूर्व किनारा उलट. खोल पाणी जमिनीच्या अगदी जवळ येतं, आणि डोंगर समुद्राला टेकलेले असल्यामुळे रेल्वेमार्ग किनाऱ्याला लागून बोगद्यांतून जातो. पाणबुडी जवळ येऊ शकते, आणि लक्ष्यही किनाऱ्यावरच. पर्चसाठी जागा तिथे होती.

पर्चवर चढले ते ब्रिटिश. रॉयल मरीनच्या 41 इंडिपेंडंट कमांडोचे 67 जण, कर्नल डग्लस ड्रायस्डेल त्यांचे प्रमुख. जपानमध्ये त्यांना घाईघाईने तयार केलं होतं. 30 सप्टेंबरच्या रात्री पर्च किनाऱ्याजवळ वर आली. नळकांड्यात एक लहान मोटारबोट होती, तिने रबरी होड्या ओढत न्यायच्या. मोटारबोटीचं इंजिन सुरू होईना. त्यात शत्रूची गस्तीनौका दिसली. पर्चचे कप्तान रॉबर्ट क्विन यांनी मोहीम त्या रात्रीपुरती थांबवली आणि बोट खाली नेली.

हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. आठ वर्षांपूर्वी माकिनला इंजिनं बंद पडली आणि माणसं लाटांत सापडली. इथे इंजिन बंद पडलं ते बोटीवरच, आणि कुणी ‘आलोच आहोत तर जाऊन येऊ’ म्हटलं नाही. दुसऱ्या रात्री, 1 ऑक्टोबरला, विनाशिकांनी दुसरीकडे लक्ष वेधलं आणि कमांडो गेले. रेल्वेच्या बोगद्यात आणि मोरीत सुरुंग लावले, उडवले. गोळीबारात एक मरीन मारला गेला. बाकीचे सगळे रात्रीच पर्चवर परत आले, आपल्या सोबत्याचा देह घेऊन, आणि त्याचं दफन समुद्रात झालं. क्विन यांना या मोहिमेसाठी ब्राँझ स्टार मिळाला.

युद्धाच्या दृष्टीने बघितलं तर एका रेल्वेमार्गावरचे दोन स्फोट. रूळ दुरुस्त होतात. मी त्याला मोठा विजय म्हणणार नाही. पण 67 गेले आणि सगळ्यांचा हिशेब लागला. माकिनला तो लागला नव्हता.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. पर्च व्हिएतनामच्या किनाऱ्यावर काम करत राहिली, मग तिची जागा आधी टनी आणि नंतर ग्रेबॅक यांनी घेतली. दोन्ही आधी क्षेपणास्त्रवाहू होत्या. ग्रेबॅकच्या पुढच्या भागात क्षेपणास्त्रं ठेवायची दोन दालनं होती. तिथून आता पाण्याखाली चालणारी छोटी वाहनं सोडायची आणि परत घ्यायची सोय झाली. म्हणजे बाहेर जाणं अधिक सोयीचं झालं. परत येणं? जून 1972 मध्ये हनोईतून युद्धकैदी नदीमार्गे पळून येतील, त्यांना उचलायचं, अशी योजना होती. ग्रेबॅकमधून पहिलं वाहन निघालं. ओढ अंदाजापेक्षा जोरात होती, बॅटरी संपली, चौघांना दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने उचललं. आता त्यांना पाणबुडीवर परत पोचवायचं, म्हणून रात्री हेलिकॉप्टरमधून समुद्रात सोडायचं ठरलं. त्या उडीत तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट स्पेन्स ड्राय मारले गेले. शत्रूची एकही गोळी न लागता. मोहीम रद्द झाली.

आणि शिक्षण म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. जानेवारी 1982 मध्ये फिलिपिन्सजवळ सराव चालू असताना ग्रेबॅकच्या त्या दालनात पाच जणांचा मृत्यू झाला. पाणी बाहेर काढताना हवा आत यायची झडप उघडली नाही. शांततेचा काळ, ओळखीचं पाणी, कसलेली माणसं. बाहेर-आतच्या दाबाचा खेळ किती बारीक आहे, हे यावरून कळावं.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत. पोहत जाऊन दोरीने खोली मोजायची गरज उरली आहे का?

बरीच कमी झाली आहे, हे खरं. स्वच्छ पाण्यात विमानातून लेझर टाकून खोली मोजता येते. गढूळ पाण्यात अडचण येते. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी पावसाळ्यातलं पाणी आठवा. शिवाय वाळू वाहनाचं वजन पेलेल का, हे वरून कळणं कठीण. त्यामुळे माणूस पूर्ण गेलेला नाही. तो कमी वेळा जातो, आणि जातो तेव्हा अधिक अवघड जागी.

प्रश्न: अशी पाणबुडी आपल्या कोकण किनाऱ्याशी येऊ शकते का?

(हशा.) मघाशी कोरियाचे दोन किनारे सांगितले ना, त्यात आपला पश्चिम किनारा पश्चिम कोरियाच्या बाजूला झुकतो. समुद्र लांबवर उथळ आहे. मोठ्या पाणबुडीला बुडी मारण्याइतकं पाणी हवं असेल तर बरंच बाहेर थांबावं लागेल, आणि वाटेत मासेमारीच्या जाळ्यांची गर्दी. तेवढं अंतर रबरी होडीने दोनदा तोडायचं, तेही एका रात्रीत. जाणं जमेल कदाचित. उजाडायच्या आत परत पोचायचं, तर गणित बसवणं जड आहे.

प्रश्न: भारतात असं शिक्षण कधी सुरू झालं?

नौदलाचे मरीन कमांडो, म्हणजे मार्कोस, 1987 मध्ये उभे राहिले. मुंबईतलं आयएनएस अभिमन्यू हे त्यांचं ठिकाण. पण त्याआधीची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यात पाणबुडी वेगळ्याच रस्त्याने येते. मार्च 1971 मध्ये पाकिस्तानची मांग्रो ही पाणबुडी फ्रान्समध्ये तुलाँला होती. तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक तिथून निसटले आणि भारतात पोचले. हे आठ जण म्हणजे मुक्तिवाहिनीच्या नौकमांडोंचा पहिला गाभा. पश्चिम बंगालमध्ये प्लासीला, भागीरथीच्या काठी, छावणी उघडली. चारशेहून अधिक पोरांना पोहायला, रात्री प्रवाहात तरंगत जहाजाच्या बुडाशी जायला, सुरुंग चिकटवून परत यायला शिकवलं.

या साऱ्या कामाची सूत्रं ज्यांच्याकडे होती ते कमांडर मोहन सामंत, आपले मराठी. ते स्वतः पाणबुडीवाले, आयएनएस करंजचे पहिले कप्तान. 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच वेळी स्फोट झाले. निघण्याची खूण आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून ठरलेली गाणी वाजवून दिली होती. सामंतांना पुढे महावीरचक्र मिळालं. या मोहिमेवरचं त्यांनी सहलेखन केलेलं पुस्तक 2019 मध्ये आलं, आणि त्याच वर्षी ते गेले.

प्रश्न: पर्च आणि सीलायन आता बघायला मिळतात का?

नाही. पर्च 1973 मध्ये भंगारात विकली. सीलायन 1978 मध्ये आणि ग्रेबॅक 1986 मध्ये सरावासाठी लक्ष्य म्हणून बुडवल्या. त्यांच्याच बालाओ वर्गातल्या काही बोटी मात्र अमेरिकेत संग्रहालय म्हणून उभ्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोला गेलात तर पँपानिटो बघा. आत शिरून पुढच्या टॉर्पेडोच्या दालनात उभे राहा, म्हणजे तिथे किती माणसं झोपवली असतील याचा अंदाज येईल.